हमिंगबर्डसाठी फीडर घेताय? बाटली की बशी?

न्यू जर्सीत एप्रिल निम्मा सरला की रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड यायला लागतात. आधी नर, मागून माद्या. जेमतेम 3 ग्रॅमचा जीव. हिवाळा मध्य अमेरिकेत काढून परततो, आणि त्यातले बरेच जण मेक्सिकोच्या आखाताचं सुमारे 800 किलोमीटर पाणी एका दमात ओलांडतात. म्हणून फीडर, म्हणजे त्यांच्यासाठी साखरपाण्याचं भांडं, टांगायचाच तर 15 एप्रिलच्या आत टांगा.

दुकानात मुख्यतः दोन तऱ्हा दिसतात: उलटी बाटली आणि झाकणाची बशी.

बाटली दिसते देखणी, मावतंही भरपूर. पण ऊन लागलं की आतली हवा फुगते आणि साखरपाणी खालून टपकायला लागतं. माझी पहिली बाटली डेकवर होती. जूनमध्ये खालची फळी चिकट झाली, मुंग्यांची रांग लागली, गांधीलमाश्या घोंगावू लागल्या आणि पक्षी जवळ येऊन परत फिरायला लागले. शिवाय तोंड अरुंद, त्यामुळे ब्रश कोपऱ्यात पोचत नाही आणि तिथेच काळी बुरशी धरते. पक्ष्यांना ती बाधते.

बशीचं झाकण उचललं की आत अख्खा हात जातो. रोजच्या भांड्यांबरोबर घासून होते. साखरपाणी झाकणातल्या भोकांच्या बरंच खाली राहतं, तिथवर पक्ष्याची लांब जीभ पोचते, गांधीलमाशी नाही. मधल्या खळग्यात साधं पाणी भरलं की मुंग्या अडतात. वाऱ्यात हिंदकळते, हे खरं. कमी मावतं म्हणाल, तर कडक उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी पाणी बदलायचंच असतं. मी बशीच घ्या म्हणेन.

साखरपाणी घरीच करा: एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. गूळ, मध, लाल रंग अजिबात नको.

अंगण असेल तर फीडरच्या जोडीला लाल कोलंबाइन लावा. पक्षी परततात त्याच सुमारास ती फुलते. पिल्लांना बारीक किडेही लागतात, ते बशीत मिळत नाहीत. तेव्हा कीटकनाशक फवारू नका.

फ्लॅट असेल तर काचेला चिकटणारी छोटी बशी मिळते. माझी स्वयंपाकघराच्या खिडकीला आहे. सकाळी चहा गाळताना नर येतो. गळा काळाच वाटतो, आणि मान जराशी वळली की निखाऱ्यासारखा लाल होतो.