खालच्या दाढेचं इम्प्लांट: कॅप बसून काही महिने झाल्यावर

चावण्याला पैकीच्या पैकी गुण, साफसफाईला जेमतेम काठावर पास. खालच्या पहिल्या दाढेच्या जागी टायटॅनियमचं इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेला आट्यांचा खांब) आणि त्यावर स्क्रूने बसवलेली झिर्कोनियाची (दातासारख्या रंगाच्या कठीण सिरॅमिकची) कॅप रोजच्या वापरात कशी आहे, ते थोडक्यात एवढंच. पण हे गुण कॅप बसल्यावर पडत नाहीत. त्यातले बरेचसे आधीच्या तपासणीत आणि कॅपच्या आकारात ठरून गेलेले असतात, म्हणून अनुभव तिथून सांगावा लागतो.

रिकाम्या जागेसाठी गेलेल्या माणसाचं नुसती रिकामी जागा बघून भागत नाही. तोंडाची पूर्ण तपासणी आधी. ओठ, गालाची आतली बाजू, टाळू, जिभेखालची जागा बघायची, मानेतल्या गाठी बोटांनी चाचपायच्या आणि जीभ गॉझमध्ये धरून बाहेर ओढून तिच्या दोन्ही कडा मागपर्यंत बघायच्या. ही शेवटची पायरी बऱ्याच ठिकाणी गाळली जाते, आणि जिभेच्या कर्करोगाची नेहमीची जागा नेमकी तीच, कडेचा मागचा भाग. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा आणि दोन आठवडे उलटूनही न भरलेली जखम या तिन्ही गोष्टींची नोंद व्हायला हवी. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त काळजीचा. तुटक्या दाताची धार किंवा सैल कवळी घासून जखम झाली असेल तर ते कारण दूर करून दोन आठवड्यांनी पुन्हा बघतात. तरीही ती तशीच असेल तर बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणं. सगळं मिळून काही मिनिटांचं काम, दुखत नाही. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांनी तर ते मागून करून घ्यावं.

मग हिरड्या. खुणा केलेला बारीक प्रोब प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच घालून खोली मोजतात. 1 ते 3 मिलिमीटर ठीक. 4 किंवा जास्त आणि वर रक्त येत असेल तर तिथे आजार आहे. डेंटिस्ट आकडे बोलतात आणि सहाय्यक लिहून घेतो. आकडे कुणी बोललंच नाही तर हिरड्या मोजल्या गेल्या नाहीत, असं खुशाल समजावं. हिरड्यांचा आजार चालू असताना इम्प्लांट टाकणं म्हणजे त्याच जंतूंना नवीन जागा देणं. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण हिरडी आणि हाड तेच असतात. आधी सफाई, गरज असेल तर मुळांपर्यंतची, मग पुन्हा मोजणी, आणि आकडे खाली आल्यावर पुढचं.

इथेच सांगायच्या गोष्टी: मधुमेह असेल तर एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) ताजा रिपोर्ट, सिगारेट असेल तर खरा आकडा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या (त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत) आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली बिस्फॉस्फोनेटसारखी औषधं. शेवटचं हमखास राहून जातं, कारण त्यातलं काही वर्षातून एकदाच इंजेक्शनने देतात आणि 'रोजची औषधं कोणती' या प्रश्नाला ते आठवत नाही.

एक्स-रेचं म्हणाल तर ओपीजीवर, म्हणजे पूर्ण जबड्याच्या सपाट एक्स-रेवर, समाधान मानू नये. त्यात पूर्ण जबडा दिसतो, पण हाडाची रुंदी दिसत नाही आणि प्रतिमा थोडी मोठी होऊन येते. खालच्या दाढांच्या खालून ओठाला संवेदना देणारी नस जाते. इम्प्लांटचं टोक आणि त्या नसेचा कालवा यांत किमान 2 मिलिमीटर अंतर राखतात, शेजारच्या दाताच्या मुळापासून किमान दीड. हे मोजायला सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन लागतो. दाढ काढून बराच काळ गेला असेल तर रुंदीचा प्रश्न जास्तच, कारण काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांतच. शिवाय वरची दाढ आधार नसल्याने खाली सरकलेली असते आणि मागची पुढे कललेली. मग कॅपला उंचीच उरत नाही.

पर्यायांबद्दल थोडक्यात. शेजारच्या दोन्ही दातांना आधीच मोठं फिलिंग किंवा कॅप असेल तर ब्रिज (त्या दोन दातांवर कॅप चढवून मधे जोडलेला खोटा दात) वाईट नाही. दोन्ही दात धडधाकट असतील तर मात्र एका दाताच्या भरपाईसाठी ते दोन दात कापायला मन धजत नाही. ब्रिज बिघडतो तो बहुतेक वेळा आधाराच्या दाताला कॅपच्या कडेखाली कीड लागून. काढता-घालता येणाऱ्या कवळीत कोबाल्ट-क्रोमची ओतीव चौकट चांगली, कारण तिचे छोटे पाय दातांवर टेकतात आणि भार दातांवर जातो. लवचीक नायलॉनच्या कवळीला हे पाय सहसा नसतात. ती दिसायला छान आणि घालायला मऊ असते, पण सगळा भार हिरडीवर पडतो, आणि पुढे हाड झिजून ती सैल झाली की आतून भरणं अवघड जातं. दीर्घकाळासाठी ती घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत.

आता इम्प्लांट. लोकल भूल देऊन हाडात एकापाठोपाठ एक जाड होत जाणाऱ्या ड्रिलने भोक पाडतात, सतत सलाईनचं पाणी सोडत. पाणी कमी पडून हाड 47 अंश सेल्सियसच्या आसपास मिनिटभर तापलं तरी तिथल्या पेशी मरतात, म्हणून हे काम घाईचं नाही. दाढेसाठी साधारण साडेचार-पाच मिलिमीटर व्यासाचं आणि 8 ते 12 मिलिमीटर लांबीचं इम्प्लांट वापरतात. ते 35 न्यूटन-सेंटिमीटरच्या (आवळण्याच्या जोराचं माप) आसपास घट्ट बसलं तर त्यावर लगेच हीलिंग कॅप, म्हणजे हिरडी भरेपर्यंतचं तात्पुरतं झाकण, लावता येते. तेवढी पकड आली नाही तर हिरडीखाली झाकून ठेवतात आणि नंतर उघडतात. भूल उतरायची वेळ टळून गेल्यावरही ओठ किंवा हनुवटी बधिर राहिली तर त्याच दिवशी फोन करायचा; 'बघू उद्या' इथे चालत नाही.

पहिले दोन दिवस गालावर बाहेरून बर्फ, आठवडाभर मऊ खाणं, 0.2 टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक माउथवॉशच्या 10 मिलिलिटरने दिवसातून दोनदा मिनिटभर गुळण्या, त्याही टूथपेस्टनंतर अर्ध्या तासाने, नाहीतर पेस्टमधल्या घटकांमुळे तिचा असर कमी होतो. ती सांगितलेल्या दिवसांपुरतीच वापरावी. लांबली की दातांवर तपकिरी डाग चढतात आणि तोंडाची चव जाते. टाके साधारण सात ते दहा दिवसांत निघतात आणि दुखणं तोवर थांबलेलं असतं. खरा धोका त्यानंतर असतो. सुरुवातीची पकड ही निव्वळ आट्यांची पकड असते. भोकाकडेचं जुनं हाड शोषलं जातं आणि नवीन अजून पुरतं आलेलं नसतं, त्यामुळे दोन ते चार आठवड्यांच्या दरम्यान इम्प्लांट सगळ्यात कमी स्थिर असतं. दुखत नाही म्हणून त्या बाजूने कडक खायला सुरुवात करायची ती नेमकी याच काळात नाही. खालच्या जबड्यात दोन-तीन महिने, वरच्यात त्याहून जास्त थांबावं लागतं.

कॅप स्क्रूची की सिमेंटची, म्हणजे इम्प्लांटवर स्क्रूने आवळायची की सिमेंटने चिकटवायची, हे कॅपचं माप देण्याआधी विचारून घ्यावं. सिमेंटच्या कॅपमध्ये जादा सिमेंट हिरडीखाली राहून गेलं तर महिनोन् महिने सूज राहते आणि हाड झिजतं. स्क्रूच्या कॅपला वरून भोक असतं. त्यात टेफ्लॉन टेप भरून वर दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट लावतात. जवळून पाहिलं तर तो ठिपका थोडा करडा दिसतो. खालच्या दाढेत तो कुणी बघत नाही आणि गरज पडली की कॅप न मोडता काढता येते. दाढेला आम्ही स्क्रूचीच सुचवू.

कॅप बसवण्याच्या दिवशी तीन गोष्टी नीट होतायत का ते बघावं. पहिली, कॅप पूर्ण खाली बसली का, यासाठी एक्स-रे. दुसरी, दोन्ही शेजाऱ्यांशी स्पर्श: फ्लॉस (दातांच्या फटीतला दोरा) टक् आवाज करून आत जावा, सैल घसरू नये आणि फाटूही नये. तिसरी, चावा. नैसर्गिक दात मुळाभोवतीच्या तंतूंमुळे जोर पडला की चांगला 25 ते 100 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) दबतो. इम्प्लांट जेमतेम तीन ते पाच. म्हणून 8 मायक्रॉन जाडीची चंदेरी पातळ पट्टी (शिमस्टॉक) दातांमध्ये धरून बघतात. हलकं चावल्यावर ती इम्प्लांटवरून निसटली पाहिजे, घट्ट चावल्यावर धरली गेली पाहिजे. नुसत्या चावा तपासायच्या निळ्या कागदाचे ठिपके बघून 'बरोबर वाटतंय ना?' असं विचारणं पुरेसं नाही, कारण भूल दिलेली नसली तरी इम्प्लांटवर चाव्याची जाणीव बोथट असते आणि उंच लागतंय हे पटकन कळत नाही. स्क्रू ठरलेल्या टॉर्कला (जोराला) आवळून दहा मिनिटांनी पुन्हा आवळतात, कारण पहिल्या आवळणीनंतर आटे एकमेकांत बसतात आणि ताण थोडा उतरतो.

रोजच्या वापरात चावणं उत्तम आहे. दोन-तीन आठवड्यांत दाढ परकी वाटायची थांबते, गरम-थंड काही लागत नाही, जिभेला कडा बोचत नाहीत. तक्रार आहे ती कॅपच्या बुंध्याशी. खऱ्या दाढेची रुंदी 11 मिलिमीटरच्या घरात, आणि खाली इम्प्लांटचा खांब पाचाचा. म्हणजे बारीक देठावरच्या छत्रीसारखा आकार. छत्रीच्या खाली पुढे-मागे पोकळी राहते आणि अन्न वरून नव्हे तर गालाच्या बाजूने आडवं आत शिरतं. पालेभाजीचे आणि मांसाचे तंतू तिथे हटकून अडकतात. इम्प्लांट पुरेसं खोल आणि जागेच्या मधोमध असेल, आणि हीलिंग कॅप दाढेच्या घेराप्रमाणे बनवलेली असेल तर हा उतार बराच सौम्य होतो. बाजारातली गोल हीलिंग कॅप लावून महिने काढले की हिरडीही गोल, बारीक आकार घेऊन बसते. नंतर लॅबला फार काही करता येत नाही.

साफसफाईला टूथब्रश एकटा पुरत नाही. रोज रात्री इंटरडेंटल ब्रश (फटीत घालायचा बारीक ब्रश) लागतो, त्याची तार प्लास्टिकचं आवरण असलेली हवी. किंचित अडून आत जाईल इतकाच जाड ब्रश घ्यावा. तार घासली तर तो मोठा, सहज इकडून तिकडे गेला तर लहान. पुढच्या आणि मागच्या फटीला वेगळे आकार लागणं अगदी नेहमीचं आहे, आणि रंगांवरून आकार ठरवू नये, कंपनीगणिक रंग बदलतात. गालाकडून झालं की जिभेकडूनही एकदा. सुपरफ्लॉसचा (टोक कडक आणि मधला भाग फुगीर असलेल्या फ्लॉसचा) फुगीर भाग बुंध्याभोवती गुंडाळून पुढे-मागे ओढला की कॅपच्या पोटाखालचा थर निघतो. मात्र हाड झिजून इम्प्लांटचे खरखरीत आटे उघडे पडले असतील तर फ्लॉस नको, त्याचे धागे आट्यांत अडकून तेच सूज धरतात. वॉटर फ्लॉसर (पाण्याची बारीक धार सोडणारं यंत्र) अडकलेलं अन्न काढायला झकास, चिकट थर काढायला कच्चा. लाकडी टूथपिक वापरू नये, टोक तुटून हिरडीत राहतं.

काही महिन्यांनी उद्भवणारी आणखी एक गोष्ट फारसं कुणी आधी सांगत नाही. नैसर्गिक दात आयुष्यभर किंचित पुढे सरकत राहतात, इम्प्लांट जागचं हलत नाही. त्यामुळे पुढच्या दाताशी असलेला स्पर्श हळूहळू सुटू शकतो. महिन्यातून एकदा फ्लॉस घालून बघावं. आधी टक् वाजायचा तो गुपचूप सरकला की समजायचं, स्पर्श सुटला. आता अन्न वरूनही शिरतं आणि पुढच्या दाताच्या मागच्या बाजूला कीड लागायची भीती. स्क्रूची कॅप असेल तर ती काढून लॅबमध्ये त्या बाजूला पोर्सिलेन चढवून आणता येते. सिमेंटच्या कॅपमध्ये इथेच अडचण होते.

कॅप किंचित हलतेय, चावताना टिक् असं काही जाणवतंय किंवा घाण चव येतेय, तर बहुधा इम्प्लांट नव्हे, स्क्रू सैल झालेला असतो. लवकर गेलं तर पुन्हा आवळून किंवा नवा स्क्रू घालून काम भागतं. तसंच चावत राहिलं तर स्क्रू आतच तुटतो आणि तुकडा काढणं फार किचकट. वारंवार सैल होत असेल तर चावा उंच आहे का आणि रात्री दात खाण्याची सवय आहे का ते बघून घ्यावं. सवय असेल तर नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं आवरण.

इम्प्लांटभोवतीचं हाड न दुखता झिजतं, त्यामुळे दुखण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. ब्रश फिरवल्यावर रक्त हीच पहिली खूण. सूज हिरडीपुरती असेपर्यंत सफाईने पूर्ववत होते. हाडापर्यंत गेली की गेलेलं हाड सहजी परत मिळत नाही. म्हणून कॅप बसलेल्या दिवसाचा एक्स-रे आणि नंतर लवकरच मोजलेली हिरडीची खोली हे आधाराचे आकडे जपून ठेवावेत. इम्प्लांटजवळ 4 मिलिमीटर आले म्हणून घाबरायचं कारण नाही, तिथे हिरडी मुळातच थोडी खोल असू शकते. आधीच्या आकड्यापेक्षा वाढ आणि जोडीला रक्त, हे बघायचं. वर्षभराने पुन्हा एक्स-रे काढून दोन्ही शेजारी ठेवून तुलना करतात.

आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी आणि लॉट नंबर असतो. प्रत्येक कंपनीचा स्क्रूड्रायव्हर आणि आतली जोडणी वेगळी असू शकते. दुसऱ्या गावी कॅप सैल झाली तर तिथल्या डेंटिस्टला एक्स-रेवरच्या सावलीवरून कंपनी ओळखत बसावं लागतं. स्टिकरशेजारी कॅप स्क्रूची आहे की सिमेंटची आणि स्क्रू किती टॉर्कला आवळला तेही लिहून घ्या, आणि त्या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.