जीपार्टेड की एलव्हीएम: लिनक्सच्या डिस्कची वाटणी ठरवताना

लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवताना रूट (प्रणालीच्या फाइल्सचा भाग) आणि होम (वापरकर्त्याच्या फाइल्सचा भाग) यांना किती जागा द्यावी, याचा हिशेब बहुधा चुकतो. त्यामुळे निवड करायची ती चूक पुढे कशी सुधारता येईल याचा विचार करून: नेहमीची पार्टिशन, म्हणजे डिस्कचे सलग भाग, करून ती जीपार्टेड या साधनाने हलवायची, की सगळी जागा एलव्हीएम या लिनक्सच्या डिस्क-व्यवस्थेच्या सामायिक साठ्यात ठेवून त्यातून लागतील तसे भाग काढायचे.

जीपार्टेडमध्ये डिस्कचे चित्र समोर दिसते आणि ठरवलेले बदल मंजूर करेपर्यंत डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. (आज्ञा टाइप करून वापरायच्या साधनांपैकी एफडिस्कही असेच थांबते, पार्टेड मात्र प्रत्येक आज्ञा तत्काळ अमलात आणते, म्हणून नवख्याने ते टाळलेले बरे.) अडचण शेजाराची आहे. चाळीतली खोली वाढवायची तर शेजारची खोली रिकामी असावी लागते, तसेच इथे. त्यातही मोकळी जागा पार्टिशनच्या आधी असेल, तर सुरुवातच मागे सरकवावी लागते आणि आतला सगळा डेटा उचलून नव्या ठिकाणी ठेवला जातो. शेकडो जीबींसाठी हे काम काही तास चालू शकते आणि मध्येच वीज गेली तर डेटा गमावण्याची भीती असते. पावसाळ्यात यूपीएसशिवाय डेस्कटॉपवर हा उद्योग मी करणार नाही. शिवाय रूट लहान करायचे तर लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे लिनक्स भरलेल्या पेनड्राइव्हवरून, संगणक सुरू करावा लागतो.

एलव्हीएममध्ये भाग सलग असण्याची गरज नसते. साठ्यात जागा शिल्लक असेल तर एलव्हीएक्स्टेंड ही आज्ञा आर (-r) पर्यायासह दिल्यावर भाग आणि त्यावरची एक्स्ट४ फाइल सिस्टम (फाइल्स मांडून ठेवण्याची रचना), दोन्ही संगणक चालू असतानाच वाढतात. नवी डिस्कही त्याच साठ्यात घालता येते. मात्र आरशासारखी दुसरी प्रत ठेवली नसेल, तर एक डिस्क बिघडल्यावर दोन्हींवर पसरलेला भाग जातो.

विंडोजला एलव्हीएम वाचता येत नाही. म्हणून दोन्ही प्रणाली असलेल्या, एकाच डिस्कच्या लॅपटॉपवर मी साधी पार्टिशनच ठेवीन; पुढेमागे डिस्क वाढवायच्या डेस्कटॉपवर मात्र एलव्हीएम घेईन आणि सुरुवातीला साठ्यातली बरीच जागा न वाटता मोकळी ठेवीन, कारण एक्स्ट४ लहान करायला ती आधी अनमाउंट करावी, म्हणजे वापरातून काढावी लागते आणि एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टम तर व्यवहारात लहान होतच नाही.