कपॅसिटरसाठी फिल्म निवडताना: पॉलीप्रॉपिलीन, पॉलिएस्टर, पीपीएस की पीव्हीडीएफ?

इन्व्हर्टरसाठी फिल्म कपॅसिटर (धातूचा पातळ थर दिलेली प्लास्टिक फिल्म गुंडाळून बनवलेला, विद्युत ऊर्जा साठवणारा घटक) निवडताना बहुतेक जण आधी डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचे, म्हणजे विद्युतक्षेत्रात ऊर्जा साठवण्याच्या पदार्थाच्या क्षमतेचे, आकडे शेजारी शेजारी मांडतात आणि तेथेच फसगत होते. कारण साठवलेली ऊर्जा या स्थिरांकाच्या सम प्रमाणात वाढत असली, तरी विद्युतक्षेत्राच्या बाबतीत ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. पॉलीप्रॉपिलीनचा स्थिरांक केवळ २.२ आणि पॉलिएस्टरचा सुमारे ३.३ आहे, परंतु दोन्ही दिशांनी ताणलेली पॉलीप्रॉपिलीन फिल्म प्रति मायक्रोमीटर सुमारे ७०० व्होल्ट सहन करते, तर पॉलिएस्टर ५७०च्या आसपास हार मानते. गणित केल्यास या टोकाच्या मर्यादेवर दोघांची ऊर्जाघनता जवळजवळ सारखी, प्रति घनसेंटीमीटर पावणेपाच ज्यूलच्या आसपास येते. प्रत्यक्ष वापरात कपॅसिटर या मर्यादेच्या बराच खाली चालवतात.

निर्णय खरा ठरतो तो उष्णतेवर. एक किलोहर्ट्झला पॉलीप्रॉपिलीनमधील लॉस (हाताळलेल्या शक्तीपैकी उष्णता होऊन वाया जाणारा वाटा) सुमारे ०.०२ टक्के, तर पॉलिएस्टरमधील सुमारे ०.५ टक्के असतो. म्हणजे १० केव्हीएआर (कपॅसिटरमध्ये ये-जा करणाऱ्या रिअ‍ॅक्टिव्ह शक्तीचे एकक) हाताळताना पहिल्यात २ वॅट, तर दुसऱ्यात ५० वॅट उष्णता तयार होते, आणि प्लास्टिकच्या घट्ट गुंडाळीच्या गाभ्यातून ती सहजासहजी बाहेर पडत नाही. म्हणूनच एसी किंवा मोठा रिपल प्रवाह (डीसीवर होणारा प्रवाहाचा चढउतार) असेल, तर माझे मत निःशंकपणे पॉलीप्रॉपिलीनच्या बाजूने आहे. कमी व्होल्टेजचे, केवळ डीसीचे काम असेल आणि जागा अपुरी असेल, तर पॉलिएस्टर घ्यावे.

पॉलीप्रॉपिलीनचा आणखी एक गुण मोलाचा आहे. फिल्ममध्ये एखाद्या ठिकाणी विद्युतभंग झाला, म्हणजे इन्सुलेशन फुटून प्रवाह आरपार गेला, की त्याभोवतीचा काही दशक नॅनोमीटर जाडीचा धातूचा थर क्षणार्धात वाफ होऊन उडतो आणि सदोष जागा आपोआप वेगळी पडते. पीपीएसच्या (पॉलिफिनिलीन सल्फाइड या प्लास्टिकच्या) रेणूत बेंझिनची कडी असल्यामुळे जळल्यावर वाहक कार्बन मागे उरतो आणि ही दुरुस्ती तितकी भरवशाची होत नाही. मात्र पीपीएस १५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते आणि त्याचा लॉसही कमी आहे. त्यामुळे उष्ण जागेतील लहान कपॅसिटरसाठी, किंमत परवडत असल्यास, त्याचा विचार अवश्य करावा.

पीव्हीडीएफचा (पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड या प्लास्टिकचा) स्थिरांक १०च्या घरात आहे. त्याच्या सीटीएफई (क्लोरोट्रायफ्लुओरोइथिलीन) मिसळून बनवलेल्या कोपॉलिमरमध्ये प्रति घनसेंटीमीटर १७ ज्यूल साठवता येतात, असे २००६ मध्ये पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले. परंतु उच्च विद्युतक्षेत्रात भरलेल्या ऊर्जेचा बराच वाटा उष्णता होऊन वाया जातो, त्यामुळे सतत चार्ज-डिस्चार्ज होणाऱ्या इन्व्हर्टरसाठी मी ते सुचवणार नाही.

पॉलीप्रॉपिलीन घेताना १०५ अंशांच्या छापील कमाल मर्यादेवर विसंबू नये. साधारणपणे ८५ अंशांच्या वर अनुज्ञेय व्होल्टेज कमी करावे लागते, म्हणून पुरवठादाराकडून गुंडाळीतील सर्वांत उष्ण बिंदूच्या तापमानाला लागू होणारे व्होल्टेज आणि आयुर्मान लेखी मागून घ्यावे.