फ्लाय बांधायला कोणते गळ घ्यावेत: येलदरी, विष्णुपुरीच्या पाण्यावर वापरून लिहिलेला रिव्ह्यू

लय जण विचारायलेत की फ्लाय, म्हणजे गळावर पिसं, केस, धागा गुंडाळून केलेला नकली चारा, बांधायला सुरुवात करायची तर पहिले पैसे कशात घालायचे. माझं उत्तर सरळ आहे, गळात घाला. पिसं गावठी कोंबड्याची चालतात, बोकडाच्या शेपटीचे केस खाटकाकडं मागितले की मिळतात, पैठणला मागावर उरलेलं रेशीम मिळालं तर अंग गुंडाळायला त्याच्यासारखं काही नाही, आणि जुन्या हवाई चप्पलच्या रबराचा तरंगणारा बेडूक तर झकास होतो. पण गळ चुकला की वरची सगळी मेहनत पाण्यात.

आठवडी बाजारात जाळी, तंगूस विकणाऱ्यांकडं सुटे गळ मिळतात ते गांडूळ, पिठाच्या गोळीसाठी ठीक आहेत, पण त्यातल्या बऱ्याच गळांना वर डोळाच, म्हणजे तंगूस ओवायची कडीच नसते, नुसती चपटी पत्ती असते. मग तंगूस दांडीवर गुंडाळूनच बांधावा लागतो, आणि आपली दांडी तर फ्लायनं भरलेली! तिथंच विषय संपला. ऑनलाइन ते कंपनीचं नाव नसलेले मिक्स डबे येतात तेही घेऊ नका. मी मागवलेल्या डब्यात डोळ्याची कडी नीट मिटलेलीच नव्हती, फट राहिलेली, आणि त्या फटीत टिपेट, म्हणजे फ्लायला बांधलेला शेवटचा बारीक तंगूस, घासून तुटतो. मासा लागल्यावर तुटला की गळ त्याच्या तोंडात राहतो, ते मला अजिबात सहन होत नाही.

आता चांगल्याकडं येऊ. मस्टॅड ही नॉर्वेची १८३२ पासूनची कंपनी, त्यांचा ३३६६ हा रोजच्या कामाचा गळ. तांबूस रंग, सरळ डोळा, तार मध्यम, आणि बाकीच्या फ्लाय-गळांपेक्षा स्वस्त, त्याच्यामुळं शिकणाऱ्यानं हाच घ्यावा. ६ नंबरवर क्लाउझर मिनो ही बारक्या माशासारखी फ्लाय बांधा. बॉब क्लाउझरनं ती १९८० च्या दशकात अमेरिकेत सस्क्वेहाना नदीच्या स्मॉलमाउथ बास या माशासाठी काढली, पण आपल्या काळ्या दगडाच्या तळाला ती इतकी बसते की विचारू नका, कारण दांडीवर माशाचे म्हणून धातूचे जड डोळे बांधले की गळ उलटा होऊन टोक वर राहतं आणि दगडात अडकणं लय कमी होतं. स्टेनलेसचा ३४००७ खाऱ्या पाण्यासाठी आहे, गोड्या पाण्यात त्याचे जास्तीचे पैसे कशाला. ३३६६ ला गंज चढतो हे खरं, पण घरी आल्यावर फ्लाय उघड्यावर वाळवून मगच डबीत ठेवल्या तर टिकतात.

मरळसाठी मात्र माझा जीव गामाकात्सूच्या बी-१० एस वर आहे. महाग आहे, तरी घ्या. मरळीचं तोंड मोठं आणि आत हाडच हाड, आणि आपण वर फोमचा नाहीतर केसांचा जाड बेडूक बांधतो, तो जाडपणा दांडी आणि टोकामधली जागाच खाऊन टाकतो. साध्या गळावर मरळ फडकन येते, पाणी उडतं, आणि हाताला काहीच लागत नाही, कारण टोकाला घुसायला वावच राहिलेला नसतो. बी-१० एस चा घेर रुंद आहे, त्यामुळं बेडूक बांधूनही टोक मोकळं राहतं, आणि तार फार जाड नसल्यानं फ्लाय तरंगतेही छान. मी २ नंबर वापरतो. पाणकणसात टाकायचा असेल तर मागच्या वळणापासून डोळ्यापर्यंत जाड तंगूसची कमान बांधा, गवत अडकत नाही. एवढं मात्र पाळा, पावसाळ्यात मरळीचे नर-मादी पिल्लांच्या लाल थव्यावर राखण करत असतात, तिथं फ्लाय टाकू नका. मोठे उचलले की पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.

चिलापीचं तोंड बारकं. तिला १० किंवा १२ नंबर, जाड तारेचा निम्फ गळ, म्हणजे पाण्यातल्या अळीसारख्या फ्लायचा. टीमको ३७६१ हा जपानी गळ त्यासाठी फार सुरेख, दांडी नेहमीपेक्षा जराशी लांब, मोरपिसाचे दोन-तीन तंतू गुंडाळले की झाली फ्लाय तयार. सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाला तोंड घालून खातो, त्याच्यासाठी ८ नंबरचा जिग गळ, डोळ्याजवळ ६० अंशात वाकलेला. याला खाच असलेलाच टंगस्टनचा मणी लागतो, गोल भोकाचा बसत नाही, ऑर्डर करताना तेवढं बघा. टंगस्टन शिशापेक्षा दीडपटीहून जास्त घन आहे, म्हणून बारका मणीसुद्धा झटक्यात तळाला जातो.

नंबरचा घोळ नवीन माणसाला हमखास होतो. आकडा वाढला की गळ बारीक होतो, पण १ च्या पुढं १/०, २/० असे गेले की मोठा होत जातो. आणि एका कंपनीचा ८ दुसरीच्या ८ एवढाच असेल असं नाही, त्यामुळं फोटोवर न जाता पहिल्यांदा एकच पाकीट मागवून बघा. पाकीट आलं की टोक नखावर हलकंच ओढा, घसरलं तर बोथट, जागीच अडलं तर चांगलं. मग वाइसमध्ये (फ्लाय बांधताना गळ धरायचा शिकंजा) धरून डोळ्याकडून दाबून सोडा, टणकन जागेवर यायला पाहिजे, वाकलेलाच राहिला तर त्याच्यावर धागा वाया घालवू नका.

टोकाजवळचा उलटा काटा मी फ्लाय बांधायच्या आधीच पकडीनं दाबून टाकतो. आधीच अशासाठी की कधीकधी दाबताना टोकच मोडतं, आणि मोडायचंच असेल तर रिकाम्या गळाचं मोडू दे.