ब्रिटनच्या अल्बम चार्टची साइट: नंबर सोडा, आठवडे बघा

जुन्या गाण्यांचं वेड असेल तर ऑफिशियल चार्ट्सची साइट एकदा उघडाच, पण हातात वेळ असेल तेव्हा, कारण दुपार कुठे गेली ते कळत नाही. ब्रिटनमधे आठवडाभरात कुठला अल्बम सगळ्यात जास्त खपला ते ही मंडळी सांगतात, दर शुक्रवारी तिथल्या संध्याकाळी नवा टॉप 100 (आपल्याकडे तोवर जेवणं उरकलेली असतात). पण खरा माल जुन्या साठ्यात आहे. 1956 पासूनचे चार्ट तारखेने शोधता येतात. पहिला नंबर वन गायक फ्रँक सिनात्राचा, आणि तेव्हा यादीच मुळात पाच अल्बमची! मग 1959 वर जा आणि नुसतं पुढे सरकवत रहा, जानेवारी ते डिसेंबर एकच नाव, साउथ पॅसिफिक सिनेमाचा साउंडट्रॅक, अख्खं वर्ष कोणी हलवू शकलं नाही त्याला, एकूण 115 आठवडे नंबर वन होता. आपल्याकडे तेव्हा रेडिओवर बिनाका गीतमाला जोरात होती, पण तिथली यादी एकेका गाण्याची, अल्बमची नाही.

आत्ताचा नंबर वन बघून मात्र फार हुरळून जाऊ नका. फॅन लोक पहिल्याच आठवड्यात सीडी, कॅसेट, वेगवेगळ्या रंगाचे विनाइल (म्हणजे तबकड्या) सगळं घेऊन टाकतात, अल्बम वर जातो आणि बरेचदा पुढच्याच शुक्रवारी धपकन खाली. 2015 च्या मार्चपासून स्ट्रीमिंगपण (म्हणजे नेटवर ऐकलेली गाणी) धरायला लागले, सुरुवातीचा हिशोब 1000 स्ट्रीम म्हणजे एक अल्बम, आणि एखाद्या हिट गाण्यावर अख्खा अल्बम तरून जाऊ नये म्हणून सगळ्यात जास्त वाजलेल्या दोन गाण्यांचे आकडे कापायचे. हे मला पटलं बुवा. त्याच वर्षी नोव्हेंबरमधे गायिका अडेलचा '25' नावाचा अल्बम आला, स्ट्रीमिंगवर ठेवलाच नव्हता तरी पहिल्या आठवड्यात 8 लाखांच्या वर कॉपी गेल्या. याला म्हणायचं नंबर वन.

म्हणून सांगतो, नाव शोधलंत की नंबराच्या शेजारी किती आठवडे यादीत आहे तो आकडा बघा, खरी मजा तिथे. ॲबा या बँडचा 'गोल्ड' 1992 चा, 2021 मधे 1000 आठवडे पूर्ण करणारा पहिला अल्बम. गायक मीटलोफचा बॅट आउट ऑफ हेल एकदाही नंबर वन झाला नाही पण 500 च्या वर आठवडे ठाण मांडून! क्वीन या बँडचा ग्रेटेस्ट हिट्स 1981 मधे नंबर वन होता आणि 2022 मधे विक्रीत 70 लाखांचा आकडा ओलांडला, तिथला सगळ्यात जास्त खपलेला अल्बम हाच, आणि त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेतला, पहिला बँडपण तिथेच काढलेला, त्यामुळे याच्या बाबतीत मी जरा पार्शल आहे.

खटकतं ते एवढंच की यादीत विक्रीचा आकडा नसतो. म्हणजे एखाद्या मंद आठवड्यात थोडक्यात मिळालेला नंबर वन आणि अडेलचा नंबर वन शेजारी ठेवले तर दिसायला सारखेच, हे काय बरोबर नाही. आकडा बातमीत आला तर आला. आणि हो, बऱ्याच गायकांची गाणी एकत्र करून काढलेले अल्बम 1989 पासून वेगळ्या यादीत टाकलेत, ते इथे शोधत बसू नका, कंपायलेशनचा चार्ट वेगळा उघडायचा.