चिप उलटी करून बघितली असती तर

आधीच सांगतो, जुन्या कॉम्प्युटरांच्या या धंद्यात मी नवखा नाही. सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या कॉम्प्युटरच्या बोर्डावर ४११६ या मेमरी चिपऐवजी ४१६४ ही चिप नुसती खोचली तर आठव्या पायावर १२ व्होल्ट जाऊन ती जळते, हे मला झोपेतही कळतं. ४११६ ला +१२, +५ आणि −५ लागतात, ४१६४ ला फक्त ५. म्हणून मधे बसवायचे अडॅप्टर बोर्ड मी स्वतः काढले: ५ व्होल्ट आठव्या पायावर, नववा पाय, म्हणजे मेमरीतला पत्ता सांगणारी ए-७ लाइन, ग्राउंडला. एकदा बसले की टीआर-४ ट्रान्झिस्टर उडून −५ गेलं तरी मेमरीला फरक नाही. बोर्ड छापायला २,३४० रुपये गेले. त्याचं दुःख नाही, बोर्ड चांगले आहेत.

दुःख चिपांचं. एका विक्रेत्याकडून ४१६४ चे ४८ नग, प्रत्येकी १६५, म्हणजे ७,९२०. वर कुरिअर १८०. एकूण ८,१०० यूपीआयने, आगाऊ. बिल मागितलं तर म्हणाला, "काका, आपण मराठी माणसं, बिल कसलं मागताय!" आणि मी, सत्तावन्न वर्षांचा घोडा, विरघळलो.

पाकीट उघडलं तेव्हाच कळायला हवं होतं. सगळ्यांवर एकच ८४३७, म्हणजे १९८४ चा सदतिसावा आठवडा. छपाई पांढरीशुभ्र, पाय आरशासारखे. चाळीस वर्षं पडून असलेल्या मालाचे पाय असे चमकतात का? पहिल्या पायाजवळची गोल खळगी काळ्या रंगाने अर्धी भरलेली होती. ती मी पाहिली! बोटाने चाचपलीसुद्धा. मनाशी म्हटलं, त्या वेळचा साचाच तसा असेल. चिप उलटी केली असती तर काहींच्या पोटावर मलेशिया, काहींच्या जपान दिसलं असतं. एकाच लॉटचा माल दोन देशांत कसा बनेल?

मग तीन आठवडे मी स्वतःचंच सोल्डरिंग उकरत बसलो. स्क्रीनवर उभे पट्टे. ४८ पैकी १९ चालेनात, आणि २९ चालतात म्हणून संशय माझ्याच हातावर. शेवटी बायकोच्या नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनने बोळा फिरवला. बोळा काळा, आणि खाली फिकट ३७३२. ओकी या जपानी कंपनीच्या अर्ध्या बाद, म्हणजे निम्मीच मेमरी चालणाऱ्या चिपा! सिंक्लेअरने स्पेक्ट्रमच्या वरच्या ३२ के मेमरीसाठी असल्याच स्वस्तातल्या चिपा वापरल्या होत्या, पण कोणता अर्धा भाग चालतो ते त्यांवर एल किंवा एच लिहून, सरळ सांगून. या माणसाने रंग फासून ४१६४ म्हणून विकल्या. माझ्या बोर्डावर ए-७ ग्राउंडला, म्हणून ज्यांचा तो अर्धा भाग शाबूत होता त्या निमूट चालल्या.

याहून लाज पुढे आहे. फोन केला तर म्हणाला, तपासलेला दुसरा लॉट देतो, फक्त फरकाचे ४,५०० टाका. टाकले. त्यानंतर नंबर ब्लॉक. तीन गिऱ्हाइकांना बोर्ड परत मागवून पैसे दिले, त्याचं कुरिअर ५४०. बोर्डांची छपाई धरून एकूण १५,४८० गेले.

आगाऊ पूर्ण पैसे देऊ नका, आधी आठच मागवा. पाकीट फोडताना व्हिडिओ काढा. मी काढला नाही. आणि पैसे गेल्याचं कळताच, त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. मी "बघू, देईल परत" म्हणत नऊ दिवस घालवले.

बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. चौकीत म्हणाले, माल मिळालाय ना, मग फसवणूक कसली, दिवाणी कोर्टात जा. दुसऱ्या दिवशी साहेब नाहीत. तिसऱ्या दिवशी साहेब होते, त्यांनी विचारलं, "एवढ्या जुन्या कॉम्प्युटरपेक्षा नवा नाही का घेत?" मी रंग गेलेली चिप टेबलावर ठेवली, भिंग दिलं. भिंगातून त्यांनी आधी स्वतःची अंगठी बघितली. चौथ्या खेपेला अर्ज घेतला. पोचपावती घरी येऊन वाचली. त्यावर लिहिलंय: मोबाईलची चिप, ४८ नग.