वंशावळीच्या संकेतस्थळांवर आठ महिने: एका बडोदेकर घराचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर धाकट्या काकांनी घरातील जुन्या कागदांची पत्र्याची पेटी माझ्या स्वाधीन केली आणि "आता हे तूच बघ" एवढेच म्हणाले. तेव्हापासून आठ महिने मी वंशावळीची तीन-चार ऑनलाइन साधने नेमाने वापरते आहे. त्यांतील एक परदेशी संकेतस्थळ वर्षाची वर्गणी घेणारे आहे. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या अडचणी आल्या त्या त्याच्या एकट्याच्या नव्हेत. दुसरे फॅमिलीसर्च, जे अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे एक चर्च विनामूल्य चालवते. याखेरीज राष्ट्रीय अभिलेखागाराचे अभिलेख पटल हे संकेतस्थळ आणि इंटरनेट आर्काइव्ह हे जुन्या पुस्तकांचे विनामूल्य ऑनलाइन ग्रंथालय. महाराष्ट्राबाहेर दोनशे वर्षे राहिलेल्या मराठी घराला यांतून काय सापडते आणि काय सापडत नाही, ते येथे लिहिते.

वर्गणीच्या संकेतस्थळाची सारी मांडणी नाव, आडनाव, जन्मसाल आणि जन्मगाव या चार रकान्यांवर उभी आहे. त्यांच्या देशांत हे चालते, कारण तिथे घरोघरच्या नोंदींसह जनगणना जपलेली असते. अमेरिकेची १९५० ची जनगणना ७२ वर्षांची मुदत संपताच २०२२ मध्ये नावानिशी खुली झाली. आपल्याकडे बडोदे संस्थानातही जनगणना होत असे आणि तिचे जाडजूड छापील अहवाल आज घरबसल्या वाचता येतात, पण त्यांत जातवार, धंदेवार आकडे आहेत. आपले माणूस त्यांत नावाने भेटत नाही. त्यातून आमचे आडनाव पोतनीस, म्हणजे मुळात हुद्दा. ज्याच्या हाती खजिना तो पोतनीस, मग तो देशस्थ असो, कायस्थ असो की आणखी कोणी. संकेतस्थळाला हे कळण्याचे कारण नाही, म्हणून ते दर आठवड्याला एखादा अनोळखी पोतनीस "तुमचा संभाव्य नातेवाईक" म्हणून पुढे करते. गोत्र आणि कुलदैवत विचारणारा रकाना असता, तर यांतले बहुतेक जण दारातूनच परत गेले असते.

याहून मोठा घोळ नावांच्या पुनरावृत्तीने झाला. आमच्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत पाच पिढ्या चालली, त्यामुळे विठ्ठल, वामन, विठ्ठल, वामन आणि पुन्हा विठ्ठल अशी सरळ माळ आहे. सामायिक वंशवृक्षात कोणा दूरच्या भाऊबंदाने दोन्ही वामन एकच समजून एकत्र केले, आणि एका सकाळी माझे पणजोबा स्वतःच्याच वडिलांचे वडील झालेले आढळले. ते सोडवण्यात तीन संध्याकाळी गेल्या. त्याच वृक्षात पणजोबांना द्वारका आणि रमा अशा दोन बायका दाखवल्या होत्या. खरी गोष्ट आत्याने सांगितली: द्वारका हे पणजीचे माहेरचे नाव, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने रमा लिहिले गेले. बाईचे लग्नाआधीचे आडनाव विचारणारा रकाना तिथे आहे, पण तिचे स्वतःचे नावही बदलत असेल, ही कल्पना मांडणी करणाऱ्याच्या मनात आलेली दिसत नाही. मी आता "अन्य नाव" या खान्यात माहेरचे नाव लिहिते आणि टिपणात खुलासा करते. जिला हे काम करायचे असेल तिने पहिल्या दिवसापासून असेच करावे.

तारखांचीही गंमत आहे. पेटीतील सर्वांत जुन्या मोडी कागदावर "सन सबा अशरीन मयातैन व अलफ" असे साल आहे, म्हणजे सात, वीस, दोनशे आणि हजार मिळून १२२७. मी भाबडेपणाने ते शक समजून ७८ मिळवले आणि इसवी सन १३०५ काढले, म्हणजे पिलाजीराव गायकवाडांच्याही चारशे वर्षे आधी आम्ही बडोद्यात! खरे तर हा शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या दप्तरांत चालणारी, अरबी शब्दांत साल लिहिणारी कालगणना आहे. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे असतात आणि त्याचे वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. तेव्हा कागद १८२६-२७ चा, दुसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीतला ठरला. संकेतस्थळाच्या तारखेच्या रकान्यात यातले काहीही बसत नाही, म्हणून मी तिथे "सुमारे १८२६" लिहून मूळ शब्द टिपणात जसेच्या तसे ठेवले आहेत.

आठ महिन्यांतला खरा लाभ मात्र वंशावळीच्या संकेतस्थळावर झालाच नाही. पणजोबा बडोदे कॉलेजातून बी. ए. झाले, असे घरात बोलले जाई, पण पुरावा नव्हता. हे कॉलेज तेव्हा मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते, आणि त्या विद्यापीठाच्या वार्षिक कॅलेंडरात पदवीधरांच्या याद्या छापल्या जात. इंटरनेट आर्काइव्हवरील अशा एका खंडात मी त्यांचे नाव इंग्रजीत हर तऱ्हेने शोधले. काही हाती लागले नाही. शेवटी एका रविवारी पानामागून पान उलटत गेले आणि नाव डोळ्यांनी सापडले. त्या काळी वामन हे नाव व्ही या अक्षराने न लिहिता डब्ल्यूने लिहीत, आणि दीर्घ उच्चारासाठी ए या अक्षरावर तिरकी रेघ देत. छापील मजकूर वाचणाऱ्या यंत्राने ती रेघ असलेला ए सरळ डी समजून घेतला होता. तेव्हापासून मी आ हा स्वर असलेले प्रत्येक नाव डी घालूनही शोधते, आणि आणखी दोन आप्त असेच मिळाले.

अभिलेख पटलाबद्दल थोडक्यात सांगायचे तर तिथे परराष्ट्र खात्याच्या कागदांत संस्थान भेटते, कारकून भेटत नाही.

फॅमिलीसर्चवर हरिद्वार आणि इतर तीर्थांच्या पंड्यांच्या वह्यांच्या प्रतिमा आहेत, आणि ज्यांचे पूर्वज तिकडे गेले त्यांनी त्या अवश्य पाहाव्यात. आमची माणसे श्राद्धाला चांदोदला नर्मदेवर आणि फार तर नाशिकला जाणारी, म्हणून मी जानेवारीत नाशिक गाठले. उपाध्यांनी आधी मूळ गाव विचारले, मग आडनाव; माझे नाव त्यांनी सर्वांत शेवटी विचारले. लांबट वही उघडली तेव्हा शके १८४६, म्हणजे १९२४ मधील नोंद पणजोबांच्या स्वतःच्या अक्षरात समोर आली: वडील, आजोबा, भाऊ, मुले, आणि "स्त्री रमा". माझ्या संकेतस्थळावरच्या दोन-तीन महिन्यांच्या झाडाला त्या अर्ध्या पानाने दोन विसरलेले भाऊ मिळवून दिले. शेजारच्या पाटीदार कुटुंबाकडे अजूनही वहीवंचा बारोट, म्हणजे घराण्याची वंशावळ वहीत लिहून ठेवणारा आणि वाचून दाखवणारा, येतो; त्याचे महत्त्व मला त्या दिवशी कळले.

वर्गणीच्या संकेतस्थळाला गुण द्यायचेच तर साठवणीचे द्यावे लागतील. दत्तकाची नोंद जन्मदाते आणि दत्तक घेणारे अशा दोन्ही बाजूंनी ठेवता येते, आणि आमच्याकडे दोन दत्तक असल्याने हे फार उपयोगी पडले. सारे झाड जेडकॉम नावाच्या फाइलमध्ये उतरवून घेता येते, जी वंशावळीच्या दुसऱ्या बहुतेक प्रणालींत चालते; मात्र तीत छायाचित्रे येत नाहीत, ती वेगळी उतरवावी लागतात. हयात व्यक्तींचा तपशील इतरांना दिसणार नाही अशी सोय आहे, ती आधी तपासून मगच मुलाबाळांची नावे भरावीत.

वर्गणीचे आपोआप होणारे नूतनीकरण मी बंद केले आहे आणि फाइलची एक प्रत काकांच्या मुलाकडे दिली आहे. पणजीच्या आईची चौकट अजून रिकामी आहे. तिचे माहेर वाईकडचे होते, एवढेच आत्याला आठवते, म्हणून पावसाळा संपला की तिकडच्या उपाध्यांना गाठायचे आहे.